पाणी बघायला गेलो होतो

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुनी मोटारसायकल उभी असते. काळी, टाकीवर लाल पट्टा, किक मारून चालू होणारी. माझी आहे. कुठून घेतलीत असं कुणी विचारलं की मी सांगतो, मोहन्याला भाड्याने राहत होतो तेव्हा घरमालकांनी दिली, प्रेमाने. एवढं खरं आहे. त्याच्या मागचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, नौपाड्यातल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्रालाही नाही. एकदोनदा ओठांवर आलं होतं. मग मी चहा मागवला आणि दुसरं काहीतरी बोलत बसलो.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा कल्याणला जे झालं त्यानंतर हे पोटात राहत नाही म्हणून. पण परवाचं शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही मला पुढचं बोलूच देणार नाही.

कल्याणजवळ मोहन्याला मी लग्नाआधी राहायचो. नदीच्या बाजूला बैठ्या खोल्यांची एक चाळ, आणि तिच्या टोकाला जिना चढून एकच वरची खोली. ती माझी. चाळ हिराकाकींची. जुनं आगरी घर, एकेकाळी भातशेती होती, मग शेतीच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या. काकींचे यजमान कंपनीत होते. नोकरी संपल्यावर हातात पैसे आले तेव्हा त्यांनी हौसेने ही मोटारसायकल घेतली, आणि फार दिवस चालवायला मिळाली नाही त्यांना. ते गेले. मागे दोन मुलगे राहिले — थोरला बाळाराम, घर चालवणारा, कमी बोलणारा. धाकटा प्रमोद, म्हणजे पम्या. त्याच्यावर गाव हसायचं आणि जीवही टाकायचं.

मी बाहेरचा माणूस. पण काकींनी मला कधी भाडेकरू मानलं नाही. रविवारी सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, ताट झाकून जिन्याच्या पायरीवर ठेवायच्या आणि खालून ओरडायच्या, "बाला, उचल ते, नायतं मांजर खाल." ऑफिसात जाणारा, शर्ट खोचणारा, दारू न पिणारा असा मी त्या चाळीत एकटाच होतो. त्यामुळे माझ्या शब्दाला तिथे वजन होतं. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पम्याने बाप गेल्यावर वर्षभरात ती मोटारसायकल पिऊन चालवली होती आणि शाळेच्या भिंतीवर घातली होती. कुणाला फार लागलं नाही. पण काकींनी त्याला बापाच्या फोटोसमोर उभा केला आणि फोटोवर हात ठेवून वदवून घेतलं, की विचारल्याशिवाय या गाडीला हात लावणार नाही. मी तेव्हा तिथेच दारात उभा होतो. आपल्याकडे शपथा काय, सकाळ-संध्याकाळ होतात. पण त्या घरात ती गोष्ट हलकी नव्हती. पम्याने ती पाळली. दारू पण सोडली, निदान कमी केली. गाडी अंगणात उभी असायची आणि हा घाई असली तरी चालत स्टेशन गाठायचा. मी थट्टा करायचो, "अरे विचार ना दादाला, तो काय नाही म्हणणार आहे?" तो नुसता हसायचा.

आता चाव्यांचं सांगतो. आमची चाळ सखल भागात. नदी चढली की अंगणात पाणी ठरलेलं. म्हणून एक पद्धत पडली होती — पावसाचा जोर वाढला की सगळ्यांनी आपापल्या गाड्यांच्या चाव्या माझ्या जिन्याच्या भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांवर आणून अडकवायच्या. घरी जो कुणी हाताशी असेल त्याने त्या गाड्या शाळेच्या चढावर नेऊन लावायच्या. कुणाची कुठली हे बघायचं नाही, सगळ्या काढायच्या. बापामागे मोटारसायकल बाळारामदादाकडे आली होती, तिच्या चावीला वडिलांनी लावलेली पितळेची घंटी होती. खिळ्यावरून काढली की वाजायची.

त्या दिवशी सकाळपासून कोसळत होता. शहाडच्या पुढे सगळं ठप्प, म्हणून मी ऑफिसला गेलोच नव्हतो. दुपारनंतर नदी गावात शिरायला लागली. बाळारामदादा गोठ्यातली गुरं हलवायला गेला. पम्या मागच्या गल्लीत, तिथे म्हातारी माणसं अडकली होती, त्यांना पाठीवर घेऊन शाळेत नेत होता. चाळीतले पुरुष असेच कुठे कुठे पांगलेले. मी घरी होतो. म्हणजे गाड्या काढायचं काम माझ्याकडे.

मी आधी माझी स्कूटर काढली. चढावर नेली, झाडाखाली नीट लावली, वरून प्लास्टिक बांधलं. मग एकेक करून इतरांच्या. शेवटी राहिली बाळारामदादाची मोटारसायकल.

आणि मग — हे सांगायला जड जातंय, पण सांगतो — मला वाटलं, बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघून यावं.

हे ऐकायला कसं वाटतं मला ठाऊक आहे. पण आमच्याकडचं कुणीही सांगेल, नदी फुगली की अख्खं गाव पाणी बघायला जातं. लहान पोरांना खांद्यावर घेऊन जातात. बंधारा दिसेनासा झाला, अमक्याच्या वाडीत शिरलं, म्हैस वाहत गेली, असं सगळं बघायचं आणि परत येऊन सांगायचं. मला वाटलं, पटकन जाऊन येऊ. माझी स्कूटर? ती कशाला भिजवायची, नुकती सर्व्हिसिंग केलेली. ही होतीच हाताशी. घंटी वाजली, मी किक मारली आणि निघालो.

बंधाऱ्यापर्यंत पोहोचलोच नाही. वळणावर रस्ता पाण्याखाली होता. थांबायला हवं होतं. पुढे दोघे गाडीवरून गेलेले मी पाहिले होते, मग आपण का नाही? घातली. पाणी पायाला लागलं, मग गुडघ्याला, आणि गाडी एक विचित्र गचका देऊन जागच्या जागी बंद पडली. नुसती बंद नाही, आत काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. मला तेव्हाच कळलं. इंजिनातलं काही कळत नसलं तरी तेवढं कळतं माणसाला.

ढकलत परत आणली. चढावर न्यायची हिंमत नव्हती. तिथे लोक जमले होते, त्यांनी विचारलं असतं, ढकलत का आणतोयस? म्हणून अंगणात, तिच्या रोजच्या जागी उभी केली. एकदा बघू म्हणून किक मारली. पाय खाली जाईना. अंगाचा भार टाकला तेव्हा गेली, आतून खडखडली. परत मारली. परत.

आतून काकींची हाक आली. "कोन हाय रं?"

मी थांबलो. दार लोटलेलं होतं, त्या आत धान्याची पिंपं माळ्यावर चढवत होत्या. आभाळ इतकं भरलेलं की दुपारीच दिवेलागण झाल्यासारखी वाटत होती, आणि वीज केव्हाच गेलेली.

"पम्या? पम्या, तू हाय का रं?"

मी बोललो नाही. एक शब्द टाकायचा होता — 'मी आहे काकी.' तेवढंच. आत पिंपांचा आवाज परत सुरू झाला तेव्हा मी घंटी मुठीत दाबून धरली, जिना चढलो आणि चावी खिळ्यावर लावली.

त्यानंतर पाणी चढलं. अंगणात, ओट्यावर, मग घरात. आम्ही सगळे शाळेत जाऊन बसलो. वर्गाच्या खिडकीतून चाळ दिसत होती, आणि गाडीचं हँडल दिसत होतं, मग तेही दिसेना. तुम्हाला खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटलं. लोकांची घरं बुडत होती, शेजारी बायका रडत होत्या, आणि मी मनात म्हणत होतो, अजून थोडं चढू दे. गाडी पाण्यात बुडाली की संपलं. चाळीतल्या लोकांना मी सांगितलं, बाळारामदादाची तेवढी राहिली, पाणी फार पटकन आलं. कुणी बोल लावला नाही. उलट बाकीच्या सगळ्या काढल्या म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

पाणी ओसरल्यावर गावात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली दिन्याच्या गॅरेजपुढे. दिन्या म्हणजे आमचा मेकॅनिक. हात चांगला, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. प्रत्येक गाडी खोलताना चार माणसं जमवायचा आणि डॉक्टरने नाडी बघून सांगावं तसं रोगाचं निदान जाहीर करायचा. बाळारामदादाची गाडी खोलली तेव्हा मीही तिथे होतो. का गेलो होतो? माहीत नाही. न गेलो तर संशय येईल असं काहीतरी डोक्यात असणार.

आधी ऑइल काढलं, ते दुधाच्या चहासारखं झालेलं. "हे तर सगल्यांचंच हाय," दिन्या म्हणाला. प्लग काढला, पाणी काढलं, कार्बोरेटर साफ केला. तरी किक अडखळत होती. मग त्याने इंजिन उघडलं, आतली दांडी काढून उजेडात धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी फिरवली.

"बालारामशेट, ही बघ वाकलीय. गाडी उभ्या उभ्या बुडाली तर ही वाकत नाय. चालू गाडी पान्यात घातलीय कोनीतरी. पानी आत ओढलं, दांडी वाकली. मग आनून ठेवलीय जागेवर."

त्याला त्यात काही वाईट साधायचं नव्हतं. आपलं निदान पक्कं निघालं याचाच त्याला आनंद. मी मात्र पायाखालच्या ग्रीसकडे बघत उभा राहिलो. बाळारामदादा घराकडे चालू लागला, आणि मी त्याच्या मागे.

घरात अजून चिखल होता. काकी खराट्याने तो बाहेर लोटत होत्या. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, आणि तिच्या जेमतेम वर बापाचा फोटो, कोरडा. दादाने विचारलं, त्या दिवशी गाडी कुणी हलवली? काकी सहज बोलून गेल्या. किकचा आवाज आला होता, मी पम्याला हाक मारली, पण तो बोलला नाही.

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. खराटा हातात तसाच राहिला.

पम्याला बोलावलं. तो म्हणाला, मी नव्हतो, मी मागच्या गल्लीत होतो. तिथल्या पोरांनी साक्ष दिली, पण ते त्याचेच मित्र, आणि त्या गडबडीत क्षणाक्षणाचं कोण सांगणार? दादाने पोरांना परत पाठवलं आणि माझ्याकडे वळला. "तू वर होतास. तू काय पाह्यलास का?"

इथेच. सगळं इथेच आहे. गाडी बुडवली ती चूक होती, काकींना ओ दिली नाही तो भित्रेपणा होता. पण हे दोन्ही दादाने माफ केलं असतं. चार शिव्या घातल्या असत्या आणि रविवारी परत पायरीवर ताट आलं असतं. मला हे तेव्हाही कळत होतं. मग मी काय केलं?

मी म्हणालो, "किकचा आवाज मी पण ऐकला."

ते खोटं नव्हतं. ऐकलाच होता, पाय माझाच होता. त्यानंतर दादा माझ्याकडे बघतच राहिला, आणि ती नजर मला सहन होईना, आणि मी पुढे म्हणालो, "नीट दिसलं नाही. अंधारून आलं होतं. पाठमोरा होता. पम्यासारखा वाटला."

पम्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो आईकडे बघत होता. "आये, तू हाक मारलीस तवा मी नव्हतो गं," एवढंच म्हणाला आणि फोटोकडे हात नेला, शपथ घ्यायला. दादाने मधेच त्याचा हात धरला. म्हणाला, "बाबाला हात लावू नको. एकदा लावलास तेवढा पुरे."

मारामारी झाली नाही, आरडाओरडा झाला नाही. झालं असतं तर निवळलंही असतं. पम्या त्या घरात परत जेवला नाही. दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन गेला. कल्याणला कुणाकडे तरी राहतो, रिक्षा चालवतो, असं नंतर कानावर आलं.

दिन्याने दांडी बदलून गाडी उभी केली. चांगली केली. पहिल्या किकमध्ये सुरू व्हायला लागली. पण दादाला ती दारात बघवेना. एकदा त्याने चावी, घंटीसकट, माझ्या हातात ठेवली. "तू ने. तू एकटा खरा बोललास." मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. माणूस नको म्हणतो तेव्हा किती वेळा म्हणतो? तिसऱ्यांदा मी चावी खिशात टाकली.

लग्न झाल्यावर मी डोंबिवलीला आलो. काकींना भेटायला जायचो, त्याच गाडीवरून. त्या बाहेर येऊन गाडीवरून हात फिरवायच्या आणि मग मला आत बसवून तेच ते विचारायच्या. "बाला, मीच बोलले ना रं? माज्याच तोंडातून गेला ना?" पोराला बापाची शपथ मोडणारा ठरवलं ते आपल्या एका वाक्याने, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. दुखणं आलं, अंथरूण धरलं, तरी तेच. शेवटी शेवटी तर डोळे मिटून म्हणायच्या, "मी हाक मारली, त्याना ओ नाय दिली. ओ दिली असती तर मना कललं असता, त्याचा आवाज हाय का नाय." मी त्यांचा हात धरून बसायचो. म्हणायचो, काकी, नका त्रास करून घेऊ. ज्याने ओ दिली नव्हती तोच हात धरून बसला होता. एका वाक्याने त्या सुटल्या असत्या, आणि त्या वेळी तर त्यांच्याशिवाय खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्या तशाच गेल्या. पम्या स्मशानात आला होता, लांब कुंपणाशी उभा होता. खांदा द्यायला पुढे आला नाही आणि दादाने बोलावलं नाही.

आता परवाचं.

कल्याणला बाजारात काम होतं. गाडी रस्त्याच्या कडेला लावून मी चाललो होतो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "दादा." खाकी शर्ट, केस पांढरे व्हायला लागलेले. ओळखायला क्षणभर लागलं. पम्याने रिक्षा बाजूला लावली होती आणि तो माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होता.

"सांभाललीस रं चांगली," तो म्हणाला.

तो आईचं विचारू लागला, शेवटी काय बोलली, माझं नाव काढलं का. काढलं, मी म्हणालो, रोज काढायच्या. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तुजा राग नाय मना, दादा. तुला तवा जसा दिसला तसा तू सांगलास. पन मी नव्हतो. एवढाच सांगायचा होता तुला. आयेला परत सांगायचा राहिला."

रस्त्यावर गर्दी होती, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मला कसली भीती होती? नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हतं, काकी तर गेल्याच होत्या. तरी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच — "असू दे रे आता."

तो गाडीजवळ गेला. दोन्ही हात मागे बांधलेले, लहान मूल दुकानात काचेपुढे उभं राहतं तसा. टाकी बघितली, लाल पट्टा बघितला, चावीला लटकणारी बापाची घंटी बघितली. मग मान वळवून मला म्हणाला,

"इचारतो हां. हात लावू का?"

आणि मी त्याला परवानगी दिली.